मदत हवी आहे: जुन्या विंचेस्टर ९४ वर पीप साइट की स्कोप?

माझ्याकडे .३०-३० काडतुसाची, १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ९४ रायफल आहे. रायफल झकास चालते, पण चाळिशीनंतर डोळ्यांनी दगा दिलाय. मागची बकहॉर्न साइट (नेम धरायची खाच, दोन्ही बाजूंना शिंगांसारखे कान असलेली) नुसती धूसर दिसते, आणि तिचे ते दोन कान निशाण्याचा अर्धा भाग झाकून टाकतात.

स्कोपचा (नेम धरायच्या दुर्बिणीचा) विचार केला, पण या मॉडेलमध्ये रिकामी पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळे रिसीव्हरच्या (नळीमागचा, यंत्रणा असलेला भाग) बरोबर वर स्कोप बसत नाही. मार्लिन ३३६ वाल्यांचं बरंय, त्यांची पुंगळी बाजूने पडते. उरले दोन मार्ग: बाजूला सरकवलेला माउंट (गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, मला तो पटत नाही) किंवा नळीवर पुढे बसवायचा लांब आय रिलीफचा (डोळ्यापासून दूर ठेवूनही नीट दिसणारा) स्कोप. पण मग हातात छान तोल साधणारी हलकी रायफल तोंडाकडे जड होणार.

म्हणून मन पीप साइटकडे (छोट्या गोल छिद्रातून बघून नेम धरायची मागची साइट) झुकतंय. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला कारखान्यातूनच पाडलेली, स्क्रूने बुजवलेली दोन भोकं आहेत, म्हणजे नवीन ड्रिलिंग नको. जुन्या बंदुकीला भोक पाडून तिची किंमत घालवायची नाहीये.

विचारायचंय ते हे: संध्याकाळच्या उजेडात किती मोठं छिद्र बरं पडतं? पीप लावल्यावर पुढची साइट उंच करावी लागली का? टँग साइट (घोड्याच्या मागे, दस्त्याच्या गळ्यावर बसणारी पीप) कुणी वापरली असेल तर घोडा (हॅमर) मागे ओढताना अंगठ्याला अडते का? पल्ला शंभर-सव्वाशे यार्डच. वापरून पाहिलेल्यांनीच सांगा, प्लीज.