अनुभव धागा : नर्सिंग शिकताना वॉर्डात काय घडलं?

माझी भाची यंदा गोव्यातच वाळपईहून बांबोळीला बी.एस्सी. नर्सिंगला आली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी, बारावीला गुणही चांगले. तरी पहिल्या सत्राचे विषय पाहून बावरलीय. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इंग्रजी, वर नर्सिंग फाउंडेशन. ‘मावशी, अभ्यास करू की ड्युटी करू?’ असं परवा विचारत होती. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून १५ वर्षं झाली. तेव्हा ही सत्रं नव्हती, पण प्रश्न हाच होता. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे कळायला मला दोन वर्षं लागली. तिला लवकर कळावं म्हणून विचारते. शिकत असाल किंवा शिकून गेला असाल, तर लिहा. सल्ला नको, घडलेलं सांगा.

मूळची चंदगडची, आता म्हापशात

पहिल्या वर्षी मेडिकल वॉर्ड होता. रोज एका पेशंटचा केअर प्लॅन लिहायचा: असेसमेंट, डायग्नोसिस, गोल, इंटरव्हेन्शन, इव्हॅल्युएशन. सीनियरच्या फाइलवरून तो उतरवता येतो, आणि मी उतरवायचे. एका सकाळी माझ्या पेशंट आजींना विचारलं, रात्र कशी गेली? त्या म्हणाल्या, ‘राती जोर आयिल्लो गे बाय.’ मला वाटलं, अंगात जोर आला, म्हणजे बरं वाटतंय. तसंच लिहिलं. थर्मामीटर लावायचं राहूनच गेलं. दहाच्या सुमारास स्टाफ सिस्टरनी ताप बघितला तर १०२. कोकणीत जोर म्हणजे ताप.

आजी चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण मला ते लागून राहिलं. मग वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला लागले: घुंवळ म्हणजे चक्कर, हर्दें म्हणजे छाती. आणि एक सवय लावून घेतली. पेशंट काहीही सांगो, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी स्वतः घेतल्याशिवाय पेन उचलायचं नाही. उतरवलेल्या केअर प्लॅनमध्ये माझ्या आजींचा ताप कुठून येणार?

फोंडा, तिसरं वर्ष

सलाईनचं गणित वर्गात सोपं वाटतं. ५०० मिली, ४ तास, मिलीला १५ थेंबांचा सेट. ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. पहिल्यांदा घड्याळ धरून चेंबरमधले थेंब मोजले तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण चार तासांनी पाहिलं तर बाटली बरीच शिल्लक. सेट २० थेंबांचा होता, मिनिटाला ४२ हवे होते. माझ्या हिशोबाने ती बाटली संपायला पाच तास वीस मिनिटं लागली असती. मॅडम रागावल्या नाहीत. सेटचं पाकीट माझ्या हातात देऊन त्यावर छापलेला आकडा मोठ्याने वाचायला लावला. शिवाय पेशंटने हात दुमडला तरी वेग बदलतो. तेव्हा एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागतं.

काणकोण, मुलगा

आमच्या बॅचला मुलगे मोजकेच. प्रसूती विभागात एका बाईने मला ‘नको’ म्हटलं आणि मी बाहेर थांबलो. वाईट वाटलं, पण तिचा तो हक्क होता. पुढच्याच महिन्यात पुरुषांच्या वॉर्डात कॅथेटर (लघवीची नळी) घालताना एका काकांनी माझा हात धरून सांगितलं, ‘तू आहेस म्हणून बरं.’ दोन्ही प्रसंग मी जपून ठेवलेत.

जुनी बॅच, डिचोली

आमच्या वेळी लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, २० नॉर्मल प्रसूती स्वतः करून सह्या घ्याव्या लागत. त्यामुळे लेबर रूमच्या रात्रपाळीला सगळ्यांचं लक्ष आकड्यावर, आणि माझंही. एका रात्री माझ्या वाट्याला पहिलटकरीण आली, सिंधुदुर्गातून आलेली. आई बाहेर बाकावर बसलेली. माझे सोळा झाले होते, ही सतरावी होणार असं मी मनात धरूनच होते.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय याचा तक्ता, वर्गात कागदावर कितीदा भरला होता. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दहा मिनिटांत किती कळा आल्या, प्रत्येक कळ किती सेकंद टिकली. त्या रात्री एक हात तिच्या पोटावर होता आणि दुसरा तिने घट्ट धरून ठेवलेला. मध्येच शेजारच्या टेबलावरची बाई प्रसूत व्हायला आली. मैत्रीण म्हणाली, चल, ही घे. माझी जायची इच्छा होती, खोटं कशाला सांगू. पण हिने हात सोडला नाही.

पहाटे डॉपलर लावला तर १४० वर चाललेले ठोके ९६ वर आले होते. ११० च्या खाली म्हणजे बाळाला धोका, हे परीक्षेसाठी पाठ केलेलं. मी ओरडलेच. डॉक्टर आले, तिला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि थेट सिझेरियनला नेलं. बाळ रडलं तेव्हा तिची आई दाराशी उभी होती. माझ्या लॉगबुकात त्या रात्रीची ओळ कोरीच राहिली.

मडगाव, कम्युनिटी पोस्टिंगबद्दल

मी मंडूरच्या आरोग्य केंद्रातून घरोघरी जायचे. बॅग वर्तमानपत्रावर ठेवायची, आधी हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. एका मधुमेही मावशीसमोर चार्ट धरून मी सांगितलं, भात बंद करा. त्या म्हणाल्या, ‘मग सकाळी पेजेच्या जागी काय जेवू?’ मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी चार्ट घरीच ठेवला. त्यांच्याच वाडग्याने पेज किती घ्यायची ते मोजून दाखवलं आणि सोबत मूग आणि भाजी वाढवायला सांगितली. ते त्यांनी मान्य केलं.

शेवटचं वर्ष

आता आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. मी एवढंच सांगेन, की लॉगबुकावरची सही त्याच दिवशी घ्या. माझ्या तीन सह्या राहिल्या आणि त्या मॅडमची बदली झाली.

धागा सुरू करणारी

भाचीने सगळं वाचलं. डिचोलीच्या ताईंचं दोनदा. पहिली पोस्टिंग सोमवारपासून आहे. तिला कोकणी येतं, पण वॉर्डात कन्नड बोलणारे पेशंटही असतात, आणि ते तिला अजिबात येत नाही. ‘कुठे दुखतं?’, ‘पाणी हवं का?’, ‘घाबरू नका’ एवढं कन्नडमधून कोणी देवनागरीत लिहून देईल का? रविवारच्या आत मिळालं तर बरं होईल.