रनिंग-इन आणि मागचा जाड टायर

नव्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 बाइकचं रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीचे किलोमीटर इंजिन सांभाळून चालवणं, कसं करायचं आणि मागे जाड टायर टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. "पहिले 2000 किमी ताशी 50 च्या वर जाऊच नका" हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अर्धाच पटला. वेगापेक्षा इंजिनावर किती ताण येतोय ते बघा. टॉप गिअरमध्ये धडधडत ताम्हिणी घाट चढवणं हे सपाट रस्त्यावर 60-65 ने जाण्यापेक्षा कितीतरी वाईट. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसायला थोडा दाब लागतोच, त्यामुळे वेग कमीजास्त करत राहा. हायवेवर तासभर एकाच थ्रॉटलवर (रेस कमीजास्त न करता) पळवणं मात्र टाळा. पहिल्या सर्व्हिसला शक्य असेल तर ऑइल काढताना समोर उभे राहा. काढलेलं ऑइल उन्हात धरलं की चमकी दिसते. ती धातूची बारीक पूड, घाबरायचं कारण नाही.

आता टायर. क्लासिक 350 ला मागे 120/80-18 येतो (120 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी), तिथे 140 चा टाकायचं तुमच्या मनात आहे. दिसायला भारी दिसेल, पण रिम तीच राहणार. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटल्यासारखा बसतो, गोलाई बदलते आणि गाडी वळणात आळशी होते. शिवाय मायलेज जातं ते वेगळंच. कंपनीच्याच मापात चांगल्या ग्रिपचा टायर घ्या.

घेताना दुकानदाराच्या "ताजा माल आहे" वर जाऊ नका, टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. तारांची चाकं असतील तर ट्यूबही नवीच टाका. आणि नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किमी गाडी फार झुकवू नका, पावसात तर नाहीच.