वेल्समध्ये नोकरी आणि 'मुद्दाम वेल्श बोलतात' ही तक्रार

सांजवात
वेल्समधल्या ग्विनेड या परगण्यात नोकरी करून परतलेल्या एका मराठी गृहस्थांनी लिहिलंय की ते कॅन्टीनमध्ये शिरले की सगळे मुद्दाम इंग्रजी सोडून वेल्श या तिथल्या भाषेवर जायचे. वाचून डोकं तापलं. अहो, तुम्ही दार उघडायच्या आधीही ते वेल्शच बोलत होते! मी कार्नारव्हनजवळ वृद्धाश्रमात नर्स आहे. स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते. एक आजी कुणालाच दाद देत नसत. मी मोडक्यातोडक्या वेल्शमध्ये चहा विचारला आणि त्यांनी हात पुढे केला. हे शिकणं माझ्या कामातच येतं.

रानवारा
ताई, तुमचं काम वेगळं. मी अकाउंट्समध्ये. मीटिंग वेल्शमध्ये, माझ्या कानाला भाषांतराचा हेडफोन. सगळे हसून झाले की मला विनोद कळतो. वरच्या पदाची जाहिरात आली, तर 'वेल्श आवश्यक'. इंग्रजी प्रत्येकाला येतं ना? मग बाहेरच्याला दार बंद कशाला?

गणपुले
येतं, कारण एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोललं की पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. 1965 मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे अख्खं वेल्शभाषक गाव धरणाखाली घातलं. भाषेला अधिकृत दर्जा मिळायला 2011 उजाडलं. अख्ख्या वेल्समध्ये बोलणारे 18 टक्क्यांहून कमी, ग्विनेडमध्ये 64. तिथल्या ऑफिसातही नाही बोलायची, तर कुठे बोलायची?

कोकण्या
मीटिंगा राहू द्या, घरांचं बोला. ग्विनेडमधल्या ॲबरसॉख या समुद्रकाठच्या गावात सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घरं घेतली, भाव चढले, तरुण जोडपी बाहेर पडली. गावची शाळा 2021 च्या डिसेंबरात बंद झाली. ग्विनेडने 2023 पासून अशा घरांवर कौन्सिल टॅक्सच्या (म्हणजे घरपट्टीच्या) वर आणखी 150 टक्के लावले. कमीच आहेत! आमच्या दापोलीकडेही वर्षभर कुलपं असलेले बंगले वाढतायत.

रानवारा
मी भाड्याने राहतो हो! घरं घेणारे वेगळे, त्यांचा राग माझ्यावर का? आणि 150 टक्क्यांनी घर स्वस्त झालं का? मला अजून परवडत नाही.

कोकण्या
टॅक्स नसता तर आणखी महाग झालं असतं. हिवाळ्यात ॲबरसॉखला जाऊन अंधारी घरं बघा, मग बोला.

रानवारा
हिवाळ्यात मी इथेच असतो. मला काय बघायला सांगता?

सांजवात
दोघेही थांबा. रानवारा, कामाच्या ठिकाणासाठी फुकट ऑनलाइन वेल्श कोर्स आहे. केलात का?

रानवारा
वर्षअखेरीचे हिशेब कोण करणार? बरं, एक मान्य करतो. मुलीला बाहेरून आलेल्या मुलांना वेल्श शिकवणाऱ्या केंद्रात घातलं होतं, आता मैत्रिणींशी सर्रास वेल्श बोलते. तिचं भलं झालं. पण ती आठ वर्षांची आहे. चाळिशीतल्या माणसाला आठवड्याचे चार तास कामातून मोकळे द्या, मग 'आवश्यक' लिहा.

गणपुले
चार तासांची मागणी रास्त आहे, ती साहेबांकडे करा. कॅन्टीनमधल्या लोकांवर आरोप करू नका.

कोकण्या
आणि सुट्टीच्या घरांवरचा तो जादा टॅक्स 300 टक्क्यांपर्यंत नेता येतो. न्यावाच!