अनुभव धागा : ‘एमे उंड यागुआर’ तुम्ही कुणाशेजारी बसून पाहिलात?

१९९९चा हा जर्मन चित्रपट मी पंचविशीत पाहिला. जर्मनच्या क्लासमधल्या मैत्रिणीच्या माहीमच्या खोलीत, आवाज बारीक करून. १९४३चं बर्लिन, डोक्यावर बॉम्ब. लिली वुस्ट चार मुलांची आई, नवरा सैन्यात. फेलिस श्रागेनहाइम ज्यू, लपून राहणारी. त्या दोघींचं प्रेम. एमे म्हणजे लिली, यागुआर म्हणजे फेलिस. दोघीही खऱ्या. २१ ऑगस्ट १९४४ला हाफेलच्या पाण्यात पोहून, फोटो काढून त्या घरी आल्या, तर घरात गेस्टापो, नाझींचे गुप्त पोलीस, बसलेले. फेलिस परत आलीच नाही.

चित्रपट संपल्यावर आम्ही बराच वेळ लाइट लावला नाही. मग तिने माझा हात धरला. खाली कुणीतरी स्कूटर स्टँडला लावत होतं, तो आवाज अजून कानात आहे.

तुम्ही कुठे पाहिलात, बरोबर कोण होतं, नंतर काय झालं, ते लिहा. परीक्षण नको. नाव सांगायचीही गरज नाही.

गिरगाव, वय ६७
भाचीने लावून दिला, एकटीने पाहिला. म्हातारी लिली वृद्धाश्रमात जाते आणि तिथे तिला इल्झे भेटते, फेलिसची आधीची मैत्रीण. ‘तिची’ आठवण काढायला पन्नास वर्षांनी का होईना, एक माणूस मिळालं. मला नाही मिळालं. माझी ‘ती’ बँकेत शेजारच्या काउंटरला होती. डब्यात वालाचं बिरडं असलं की अर्धं माझ्या डब्याच्या झाकणावर काढून ठेवायची, मी जागेवर नसले तरी. १९८१मध्ये आम्ही तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ पाहिलं, बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं नाटक, रोहिणी हट्टंगडींची सुमित्रा. मध्यंतरात दोघी गप्प. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “नाटक आहे गं, एवढं काय मनाला लावून घेतेस?” पुढच्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. मी चांदीची वाटी दिली. डिसेंबर १९९८ला मुंबईत दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमाचे खेळ तोडफोड करून बंद पाडले, तेव्हा तिचा फोन आला. “तू नव्हतीस ना गेलीस तिथे?” एवढंच. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

भायखळा
आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. या चित्रपटाला सगळे ‘निषिद्ध प्रेम’ म्हणतात, तिथे मी अडते. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जर्मनीचं १७५वं कलम पुरुषांना लागू होतं, बायका त्यात नव्हत्याच. फेलिसला नेलं ते ती ज्यू होती म्हणून. हे बाजूला ठेवून मला रडता येत नाही. तिला तेरेझियनश्टाटच्या नाझी छावणीत नेल्यावर लिली तिथवर गेली, भेटू दिलं नाही. हे धाडस की घात, यावर माझं आणि माझ्या पार्टनरचं रात्री दोनपर्यंत भांडण. चित्रपटात मैत्रिणी देश सोडून जातात, फेलिस लिलीसाठी थांबते. मी गेले असते. पार्टनर म्हणते, ती स्वतः थांबली असती. चार वर्षं झाली, वाद मिटलेला नाही.

दादर
पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? बायकोबरोबर पाहिला. मारिया श्राडर आणि युलियाना कोलर दोघींना मिळून बर्लिन चित्रपट महोत्सवाचं अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं, ते योग्यच. बायको मध्येच उठून गॅलरीत गेली. नंतर म्हणाली, हॉस्टेलच्या रूममेटची आठवण आली. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लालबाग
मुद्दाम आईबरोबर पाहिला. ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हाही तिला सांगायचं धाडस झालं नव्हतं. आई मेथी निवडत होती. संपल्यावर म्हणाली, “त्या चार पोरांचं काय झालं गं पुढे?” मी शोधून सांगितलं, एक मुलगा ज्यू धर्म स्वीकारून इस्रायलला गेला. ती काही बोलली नाही. काड्या पेपरात गुंडाळल्या आणि विचारलं, “तुझ्या त्या विक्रोळीच्या मैत्रिणीला मेथी चालते ना? रविवारी बोलाव.”

गिरगाव, पुन्हा
लालबागच्या आईंचं वाचलं आणि काल तिला फोन लावला. नंबर तोच होता. सुनेने उचलला. ती देवळात गेली होती. “कोण म्हणून सांगू?” म्हटलं, बँकेतली.