नवे ऑइल सील बसवूनही उजव्या फोर्कमधून तेल का झिरपते?

प्रश्न

माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या दोन्ही फोर्कची (म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन पायांची) ऑइल सील (आतले तेल अडवणारी रबरी कडी) आणि डस्ट सील (तिच्यावरची धूळ अडवणारी कडी) मी नुकतीच घरी बदलली. फोर्क पूर्ण खोलून, आतले भाग धुऊन, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल दोन्हीकडे सारखेच मोजून भरले. डावा फोर्क कोरडा ठणठणीत आहे. उजव्यावर मात्र सुमारे १५० किलोमीटर गाडी चालवल्यानंतर पाइपभोवती (सीलमधून वर-खाली सरकणाऱ्या क्रोमच्या नळीभोवती) तेलाचे कडे उमटू लागले आणि ते पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसते. उजवीकडचे जुने सील निघता निघेना, म्हणून ते पेचकसाने उचकटून काढले होते, हेही सांगायला हवे. नवे सीलच सदोष निघाले असे समजून दुसरे आणावे, की माझ्या हातून काही चूक झाली असावी?

उत्तर १

दुसरे सील आणण्याआधी तेल नेमके कोठून येते हे पाहावे, कारण मूळ दोष तसाच राहिला तर तेही सील काही दिवसांतच गळू लागेल. डस्ट सील वर सरकवा, त्याखालची सगळी जागा कोरडी पुसा आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा-बारा वेळा जोराने दाबा. बसवताना लावलेले तेल डस्ट सीलखाली साचून राहते आणि गळतीचा भास होतो. तसे असेल तर पुसल्यावर ते पुन्हा येणार नाही. पाइपवर ताजे कडे उमटले तर दोष सीलच्या ओठाशी, म्हणजे पाइपला घासणाऱ्या आतल्या कडेशी आहे. पण तेल सीलची बाहेरची कड आणि फोर्कची बाहेरची नळी यांच्यामधून वर येत असेल, तर पेचकसाने बैठकीवर (सील बसते त्या जागेवर) ओरखडा पडला आहे किंवा सील तिरके बसले आहे. सर्क्लिपची (सील जागी धरून ठेवणाऱ्या तारेच्या कडीची) खाच सगळीकडून पूर्ण दिसली तरच सील तळापर्यंत बसले असे मानावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली हवी.

तेल डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर उतरले असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत कृपया गाडी बाहेर काढू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करता येते, तेल प्यालेले पॅड मात्र बदलावेच लागतात.

उत्तर २

एकच बाजू गळते आहे, त्यामुळे मला पाइपचा संशय अधिक येतो. फोर्क दबतो तेव्हा पाइपचा जेवढा भाग सीलमधून जातो, तेवढ्या भागावरून, विशेषतः समोरच्या बाजूने, नख हळूहळू फिरवा. त्या बाजूला खडे लागून क्रोमवर टोचे पडतात, पुढे त्यांत गंज धरतो आणि त्याची वर आलेली कड प्रत्येक दाबाला सीलचा ओठ कापत राहते. नखाला काही लागले नाही, तर कापसाचा बोळा फिरवून पाहा. जिथे कड असेल तिथे तंतू अडकून राहतात.

तेलाची पातळीही तपासावी. स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण खाली दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. तेल जास्त झाले तर वर हवेला जागा उरत नाही आणि फोर्क दबताना वाढलेला दाब सीलवर येतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. तेल ओठाजवळूनच येते, बैठक कोरडी आहे, आणि पातळीही दोन्हीकडे सारखी आहे. नखाला काहीच जाणवले नाही, पण कापूस फिरवल्यावर डस्ट सीलच्या साधारण चार बोटे वर, समोरच्या बाजूला, पांढरा तंतू चिकटून राहिला. नीट पाहिले तेव्हा तिथे मोहरीपेक्षाही लहान असा तांबूस ठिपका दिसला. एवढ्याशा खड्ड्यासाठी पाइप बदलावा लागेल का?

उत्तर ३

ठिपका एकटाच असेल आणि आजूबाजूचे क्रोम सुटलेले नसेल, तर पाइप वाचू शकतो. गंज खरवडून जागा तेलविरहित करा, खड्ड्यात दोन भागांच्या इपॉक्सीचा थेंब भरा, आणि तो पूर्ण कडक झाल्यावर १५०० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पृष्ठभागाशी सपाट करा. पेपर पाइपच्या लांबीच्या दिशेने मुळीच चालवू नये, कारण त्या दिशेच्या रेघांमधून तेल वर चढते. तो आडवा, गोलाकार फिरवावा. क्रोमचा थर पातळ असतो, म्हणून वर आलेली कड गेली की हात थांबवावा. खपल्या निघत असतील, तर नवा पाइप किंवा पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून घेणे हाच उपाय राहतो.

सध्याचे सील मात्र पुन्हा वापरू नका; त्याचा ओठ कापला गेला आहे. नवे सील चढवताना पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून तिला फोर्कचे तेल लावा, म्हणजे कडेवरून जाताना ओठ फाटत नाही. फोर्क उघडलेला आहे तोवर बुशही (पाइपला आधार देणारी आतली बाही) पाहून घ्या, कारण झिजलेल्या बुशमध्ये पाइप डुलतो आणि सीलला त्याच्यासोबत हलता येत नाही. शेवटी चाक बसवताना ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आवळल्यावर, पण फोर्कच्या तळाशी आस आवळून धरणारा पिंच बोल्ट आवळण्यापूर्वी, पुढचा भाग चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतील.