आजार सवयींचा की खुर्चीचा?

जुना_कारकून
काल इथे एकाने लिहिलं, "खालच्या नोकरांना हार्ट अटॅक येतो तो तंबाखूमुळे आणि आळसामुळे. खरं टेन्शन साहेबाला असतं. नोकरीला दोष देणं ही पळवाट आहे." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिटिश सरकारी नोकरांच्या तब्येतीचा 'व्हाइटहॉल' अभ्यास सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यातली अडचणीची गोष्ट सोयीने विसरली जाते. १९६७ पासून लंडनमधल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांवर नजर ठेवली गेली. सगळे पगारी, सगळ्यांना मोफत उपचार. तरी दहा वर्षांत शिपाई-द्वारपालांचा मृत्युदर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिप्पट. आणि फक्त तळालाच मार बसला असंही नाही, प्रत्येक पायरी वरच्या पायरीपेक्षा वाईट. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही हृदयविकारातला निम्म्याहून जास्त फरक उरतोच. तो कुठल्या आळसाच्या खात्यावर टाकणार?

मी आयुष्यभर आवक-जावक सांभाळली. साहेब निर्णय घेऊन दमायचे, मी त्यांच्या निर्णयाची वाट बघून. उशीर त्यांच्याकडे व्हायचा आणि मेमो मला यायचा. कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हेच मांडलं: कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, ही जोडी माणसाला पोखरते.

हिशेबनीस
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

जो मुळात धडधाकट, तोच वर चढतो. आजारी माणूस बढतीत मागे पडतो. म्हणजे तुम्ही कार्य आणि कारण उलटं लावताय. शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१२ चा लेख बघा. १३ युरोपीय अभ्यास, जवळपास दोन लाख कर्मचारी. ताणाच्या कामामुळे हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी जास्त, आणि एकूण हृदयविकारातला त्याचा वाटा ३.४ टक्के. धूम्रपानापुढे हे किरकोळ आहे.

आणि साहेबाला ताण नसतो हे मला सांगू नका. माझे वडील व्यवस्थापक होते. कपातीच्या याद्या घरी आणून रात्र रात्र बसायचे. निवृत्तीही बघितली नाही त्यांनी.

रातपाळी
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ज्यांची नावं त्या यादीत होती त्यांच्या तब्येतीचं काय झालं, हे कुणी विचारलं का?

धूम्रपानाचं म्हणाल तर माझ्या पाळीत पाणी प्यायला जायचं तरी सुपरवायझरचा चेहरा बघावा लागतो. न विचारता मिळणारी एकच सुट्टी, बिडी-सिगारेटची. नवीन पोरं कामावर लागतात आणि महिन्याभरात ओढायला शिकतात. ही सवय घरून आणली की कामाने लावली? २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पाळीचं रात्रकाम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. मी रात्रपाळी आवडीने मागून घेतलेली नाही.

काउंटरवाली
तुम्ही सगळे बसून काम करणारे आहात, म्हणून एक गोष्ट कुणालाच सुचली नाही. आम्हाला बसायचीच परवानगी नाही. काउंटरमागे स्टूल ठेवलं तर ग्राहकाला आम्ही आळशी दिसतो म्हणे. दुकान रिकामं असलं तरी उभंच राहायचं. पायाच्या शिरा फुगल्यात, संध्याकाळी चप्पल पायात जात नाही. लघवीला जाऊ देत नाहीत म्हणून निम्म्या जणी पाणीच पीत नाहीत.

हिशेबनीस
ताई, त्रास होत असेल, नाही म्हणत नाही. पण उभं राहणं हृदयाला चांगलंच. लोक पैसे मोजून उभ्याने काम करायची टेबलं घेतात. लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवरचा मॉरिस या संशोधकाचा १९५३ चा अभ्यास सर्वांना माहीत आहे: बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला कमी.

डॉक्टरीण
अर्धीच गोष्ट सांगितलीत. मॉरिसच्याच चमूने पुढे गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा भरतीच्या वेळीच मोठ्या होत्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. आणि कंडक्टर चालत होता. एका जागी खिळून उभा नव्हता.

कॅनडात, ओंटारिओमध्ये सुमारे ७,३०० कामगारांचा १२ वर्षं माग घेतला. प्रामुख्याने उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. उभं राहिलं की रक्त पायात साठतं, शिरांवरचा दाब वाढतो. व्यायामात श्रमानंतर विश्रांती असते, ती कधी घ्यायची हे आपण ठरवतो. इथे तासन्‌तास सुटकाच नाही. उभ्याचं टेबल घेणारा पाय दुखले की बसतो, तुलना तिथेच संपते.

हिशेबनीस
मग काय, प्रत्येकाला आरामखुर्ची द्यायची? धंदा कोण चालवणार?

काउंटरवाली
आरामखुर्ची कोणी मागितली? स्टूल म्हटलं मी, स्टूल! गिऱ्हाईक आलं की उठतेच ना. तुम्ही एक पूर्ण पाळी उभं राहा, मग शिकवा. मालक गल्ल्यावर बसतो तेव्हा तो आळशी दिसत नाही, मग मीच कशी दिसते?

रातपाळी
हेच! आमच्या गेटवरच्या रखवालदाराला खुर्ची होती, ती साहेबांची फेरी झाल्यावर काढून घेतली. चोर उभ्या माणसाला जास्त घाबरतो का? बसणं हा मान आहे आणि तो खालच्याला द्यायचा नाही, एवढंच आहे त्यात.

जुना_कारकून
स्टूलावर बोलाल तेवढं कमीच, पण हिशेबनिसांचे दोन मुद्दे तसेच सोडणार नाही.

'धडधाकट तोच वर चढतो' हे दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात तपासलं गेलं. १९८५ ला सुरू, १०,३०८ जण, यात बायकाही होत्या. तब्येतीमुळे पायरी बदलते त्यापेक्षा पायरीमुळे तब्येत बदलते, हा परिणाम मोठा भरला. आणि पायऱ्यांमधल्या हृदयविकाराच्या फरकात सर्वांत मोठा वाटा होता कामावर ताबा नसण्याचा.

३.४ टक्के हा फक्त रेटा जास्त आणि मुभा कमी या एका जोडीचा आकडा. त्यात लांबलेले तास नाहीत, रात्रपाळी नाही. तासांचंच बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त सांगितलाय. २०१६ या एका वर्षात लांब तासांपायी पक्षाघात आणि हृदयविकाराचे मिळून ७,४५,००० मृत्यू. याला किरकोळ म्हणायची माझी तयारी नाही.

हिशेबनीस
लांब तास साहेब लोकच जास्त करतात, हे विसरू नका. माझे वडील त्यातलेच.

डॉक्टरीण
मग ते आमच्याच बाजूचं उदाहरण झालं. त्यांचं जाणं तुम्ही त्यांच्या सवयींवर टाकत नाही, कामावर टाकता. तेवढाच न्याय शिपायाला द्या.

हिशेबनीस
माझ्या वडिलांना मुद्दा करू नका.

…ठीक आहे. स्टूल द्यायला हवं, मान्य. त्यात धंद्याचं काही बुडत नाही. तासांवर मर्यादा हवी, हेही मान्य. पण तंबाखू सोडणं माणसाच्या स्वतःच्या हातात आहे, यावरून मी हटणार नाही.

रातपाळी
सोडतो. आधी न विचारता पाणी प्यायला जायची सुट्टी मिळवून द्या. आणि पाळीचा तक्ता आदल्या रात्री नको, महिनाभर आधी लावायला सांगा.

काउंटरवाली
त्यात लघवीची सुट्टीही लिहा.