मदत हवी आहे: पुण्यात रोज चालवायला खाली दांड्याची स्टीलची सायकल फ्रेम

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या हायब्रिड सायकलच्या फ्रेमला तडा गेला. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा अक्ष बसतो त्या जागेच्या) मागे, चेनस्टेच्या, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या, वेल्डिंगला लागून. सहा वर्षं धायरी ते सदाशिव पेठ रोज चालवली होती. कंपनीने हमीची मुदत संपल्याचं सांगितलं. दोन वेल्डिंगवाल्यांनी हात लावायलाच नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. अ‍ॅल्युमिनियमला जोड दिला की आजूबाजूच्या धातूची उष्णताप्रक्रियेने आलेली ताकद जाते. बाबांच्या काळ्या रोडस्टरचा मागचा लेग तुटला होता, तेव्हा पितळी वेल्डिंग करून त्याच दिवशी घरी आणली होती. ती अजून चालते. म्हणून आता स्टीलच घ्यायचं ठरवलंय.

माझी गरज: रोजचे वीसेक किलोमीटर, मंडईतून भाजी, रविवारी खडकवासला-पानशेत, आणि पुढच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत, साडेतेरा तासांत, पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. दांडा खाली हवा. मागे दोन भरलेल्या पिशव्या असताना पाय वरून टाकून उतरणं माझ्या गुडघ्याला जमत नाही. आणि इथल्या बाजारात ज्या फ्रेमला दांडा खाली असतो, ती बहुधा साध्या जड स्टीलची आणि एका गिअरची असते.

छोट्या उत्पादकांपैकी दोघांवर अडकले आहे.

पहिला कॅलिफोर्नियाचा रिव्हेंडेल. ब्रिजस्टोनच्या अमेरिकी शाखेत काम केलेल्या ग्रँट पीटरसन यांनी १९९४मध्ये सुरू केलेला. त्यांची प्लॅटिपस मला मनापासून आवडते. नळ्या लग्जमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या खोबणींत, बसवून जोडलेल्या, मागचा भाग लांब, त्यामुळे पिशव्यांना टाच लागायची नाही. पण ते रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे) सोडायला तयार नाहीत. पॅड आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतात हे खरं. पण पावसाळ्यात सिंहगड रोडवरचा चिखल रिमवर बसतो आणि ब्रेक दाबला की रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. माझी मागची रिम अशीच गेली.

दुसरा मेरीलँडचा व्हेलो ऑरेंज. त्यांच्या पॉलिव्हॅलंट या फ्रेमचा ‘लो किकर’ हा खाली दांड्याचा अवतार डिस्क ब्रेकचा आहे. चाकाचं माप ६५०बी. इथे एक फायदा लक्षात आला: ६५०बी म्हणजे ५८४ मिलिमीटर, आपल्या साडेसत्तावीस इंची एमटीबीचीच (माउंटन बाइकची) रिम. टायर-ट्यूब पुण्यात सहज मिळेल. दिसायला प्लॅटिपसइतकी सुंदर नाही, पण माझा कल हिच्याकडे झुकतोय.

नळ्यांच्या नावांवर मी फार वेळ घालवला, आता सोडून दिलंय. साधं स्टील असो, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील) असो की रेनॉल्ड्स कंपनीच्या नळ्या, ताठपणा जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. महाग मिश्रधातूची ताकद जास्त असते, म्हणून नळीची भिंत पातळ करता येते आणि वजन उतरतं. एवढंच. मला अर्धा किलो कमी करून काय मिळणार? त्यापेक्षा कॅरिअर आणि मडगार्ड बसवायचे आटे कुठे आहेत ते महत्त्वाचं.

आता प्रश्न.

खाली दांड्याच्या फ्रेमवर मागे दहा-बारा किलो लादून कुणी कात्रज किंवा बोपदेव घाट उतरलंय का? दांडा खाली आल्याने फ्रेमचा मुख्य त्रिकोणी आकार राहिला नाही की फ्रेम पिळली जाते आणि वेगात हँडल थरथरतं असं वाचलं. प्रत्यक्षात कितपत जाणवतं?

परदेशातून नुसती फ्रेम मागवलेल्यांनी कस्टम्ससकट घरपोच शेवटी किती पडली ते सांगावं. यामुळेच निर्णय अडलाय. त्याच पैशात भारतात मापाप्रमाणे स्टीलची फ्रेम जोडून देणारं कुणी असेल, तर मी आधी त्यांच्याकडे जाईन. मात्र त्यांनी बनवलेली आणि किमान दोन पावसाळे चाललेली फ्रेम तुम्ही स्वतः पाहिलेली असावी.

गंज आतून धरतो, त्यासाठी नळ्यांत जवसाचं उकळलेलं तेल फिरवून वाळवतात. पुण्याच्या हवेत ते किती वर्षं टिकतं?

संपादन: उंची विचारली गेली. १५७ सेंटिमीटर, पायाचं आतून माप ७२. वजन ६४ किलो. आणि हो, जुन्या फ्रेमचे सुटे भाग वापरायचे आहेत. मागचा हब साधा १३५ मिलिमीटरचा, क्विक रिलीजचा (खटक्याने चाक सुटणारा) आहे. आरपार जाणाऱ्या जाड अ‍ॅक्सलची (थ्रू अ‍ॅक्सल) फ्रेम घेतली तर चाकही नवं घ्यावं लागेल, तेव्हा सल्ला देताना हेही धरावं.